दिवाळीनंतरच्या सेलमध्ये काय घ्यावं आणि काय राहू द्यावं?

वाचकांचं पत्र

ताई, नमस्कार.

मी सांगलीवाडीत राहते. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात आहेत. गणपतीपासून ओव्हरटाईम बंद आहे आणि बोनसही निम्माच मिळाला. म्हणून दिवाळीत फराळापुरतंच केलं, बाकी सगळं "दिवाळी झाल्यावर सेल लागतात, तेव्हा बघू" म्हणून पुढं ढकललं. आता मारुती रोडला, विश्रामबागला जिथं बघावं तिथं पाट्या लागल्यात. एका दुकानात ४,८०० ची साडी २,४०० ला दाखवली. जाऊबाई म्हणाल्या, हीच साडी दिवाळीआधी २,६०० ला होती. आमचा फ्रिज बारा वर्षांचा आहे, दार नीट लागत नाही, भाजीच्या खणाखाली पाणी साठतं. दुकानदार २७,९९० चा फ्रिज बारा हप्त्यांत द्यायला तयार आहे, व्याज शून्य, फक्त ७९९ फाईल चार्ज. मिस्टर म्हणतात, आत्ता घेऊन टाकू, हा भाव परत मिळणार नाही. सासूबाई म्हणतात, सेलचा माल घरात आणायचाच नाही, ओळखीच्या दुकानातून घे. मार्गशीर्षात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. किराणावाल्यांची ४,००० उधारी राहिली आहे. हाताशी सगळे मिळून १८,००० आहेत. धाकटी नऊ वर्षांची आहे, रोज विचारते, "आई, आपला सेल कधी लागणार?" काय घेऊ आणि काय सोडू?

— एक गृहिणी, सांगलीवाडी

ताईंचं उत्तर

धाकटीचा ड्रेस या आठवड्यातच घ्या. तिनं दिवाळीत नवीन कपड्यांशिवाय भागवून घेतलं आहे, तेव्हा तिला आणखी थांबवू नका. दिवाळीनंतर खरोखर उतरतो तो लहान मुलांचा रेडिमेड माल, त्यामुळं यात तुमचं नुकसानही नाही.

दुकानदार हा माल साईजच्या सेटमध्ये उचलतो. एका डिझाईनचे पाच-सहा साईज एकत्र येतात. दिवाळीच्या गर्दीत मधले साईज विकले जातात आणि सेट फुटतो. मग उरतात एखादा अगदी लहान आणि एक-दोन मोठे. ते डिझाईन पुन्हा मागवता येत नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत ठेवलं तर फॅशन जाते, कापडाला घडीची पिवळी रेघ पडते, आणि तोवर पैसे अडकून राहतात. व्यापाऱ्याचं बिल मात्र दारात उभं असतं. म्हणून तो उरलेला ड्रेस खरेदीच्या भावाला, कधी त्याच्याही खाली सोडतो. असं कारण असलं की सूट खरी. पाटीवर सूट किती लिहिली आहे ते नंतर बघा, आधी तो ती का देतोय ते ओळखा. कारण कळलं तर विश्वासानं घ्या. कारण दिसत नसेल तर किंमत आधी वाढवून मग कापलेली असायची शक्यता मोठी.

ड्रेस घेताना एक साईज मोठा बघा. उलटा करून आतली शिलाई बघा. खाली दीड-दोन इंच दुमड असेल तर पुढच्या वर्षी उसवून उंची वाढवता येते. चेन दोन-तीनदा वरखाली करा. गडद रंग असेल तर रुमालाचं टोक ओलं करून आतल्या बाजूनं घासा, रंग लागला तर तो ड्रेस बाजूला ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या रेडिमेड कपड्यावर पाच टक्केच जीएसटी आहे. पूर्वी हजाराच्या वर गेलं की बारा टक्के लागायचा. तेव्हा हजार ते अडीच हजारांतल्या ड्रेसवर "जीएसटी सूट" म्हणून काही कमी केलं असेल तर तो तुमचा हक्क आहे, दुकानदाराची मेहेरबानी समजू नका.

आता साडी. जाऊबाईंचे आभार माना. भाव लक्षात ठेवणारं माणूस घरात असणं या दिवसांत फार उपयोगाचं. त्यांनी २,६०० सांगितले म्हणजे तुम्हाला मिळालेली खरी सूट २०० रुपयांची, सात-आठ टक्के. ४,८०० ला ती साडी या गावात कोणी घेतली असेल असं मला वाटत नाही. लाल रेघ मारलेली ती किंमत तुमची नजर आधी वर नेण्यासाठी आहे, म्हणजे २,४०० कमी वाटावेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात याची दखल आहे. जो माल खरं तर सवलतीत द्यायचाच नाही, त्याची सवलतीचा भाव म्हणून जाहिरात करणं ही त्या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पण ते सिद्ध करायला आधीच्या भावाचा पुरावा लागतो. म्हणून पुढच्या वेळी दसऱ्याच्या सुमारास आवडलेल्या वस्तूच्या किमतीच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा.

जुन्या कापड दुकानांत त्या चिठ्ठीवर किमतीशेजारी दोन-चार अक्षरं लिहिलेली असतात. बघणाऱ्याला ती अर्थहीन वाटतात. ती खरेदीची किंमत असते. दहा अक्षरांचा एखादा शब्द दुकानानं ठरवलेला असतो, प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. तुम्ही "शेवटचं सांगा" म्हटल्यावर काउंटरवरचा माणूस तुमच्याकडं बघायच्या आधी चिठ्ठी उलटून बघतो, तो ही अक्षरं वाचत असतो. त्याला वाचायला वेळ द्या, घाई करू नका. अक्षरं बघूनही तो जागचा हलला नाही, तर बहुतेक त्याच्या हातात खरंच फार उरत नसतं.

पण लग्नाची साडी सेलमध्ये शोधूच नका, असं मी म्हणेन. तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडं लग्नसराई सुरू होते. ज्या मालाला पुढचे चार-सहा महिने गिऱ्हाईक आहे तो दुकानदार आज कशाला उतरवेल? सेलच्या ढिगात येतात त्या दिवाळीला न उठलेल्या साड्या, नाहीतर खास सेलसाठीच सुरतेहून आणलेला हलका लॉट. लॉट वाईट असतोच असं नाही, रोज नेसायला चालतो. पण त्याची मूळ किंमतच कमी असते, "निम्म्या भावात" ही पाटी त्याला लागू पडत नाही.

तुमच्या घरात लग्न आहे, म्हणजे बस्ता बांधला जाणार. तो सांगलीत बांधा की इचलकरंजीला, तीस-चाळीस साड्या एकदम घेणाऱ्याला दुकानदार जो भाव देतो तो एकट्या बाईला कुठल्याच सेलमध्ये मिळत नाही. नणंदेला आजच फोन करा आणि सांगा, "बस्त्याला मी येते, माझीही एक साडी त्यात धरा, पैसे मी देते." संकोच वाटायचं काही कारण नाही. बस्त्यात एक साडी वाढली तर भाव करताना त्यांचाही हात बळकट होतो. दोन हजारांत तुम्हाला मनासारखी साडी मिळावी.

मंगल कार्यालयात चार दिवसांसाठी लागणाऱ्या सेलबद्दल थोडक्यात सांगते. विक्रेता बाहेरगावचा असतो आणि पाचव्या दिवशी गाठ पडत नाही. तिथं पायपुसणी, अभ्रे, टॉवेल घ्या. फार पैसे जाणार असतील किंवा बदलून घ्यायची वेळ येऊ शकेल असं काही घेऊ नका. स्वस्त माल म्हणजे खोटा माल, हे सासूबाईंचं म्हणणं मात्र सरसकट खरं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी मारुती रोड, हरभट रोडच्या दुकानांत शिरलं. नंतर भिजलेलं कापड मिळेल त्या भावाला निघालं. दुकानदार डोळ्यांत पाणी आणून विकत होते, घेणाऱ्यांना माल भिजलेला आहे हे माहीत होतं, आणि त्या व्यवहारात कोणी कोणाला फसवलं नाही.

तुमच्या पत्रातली खरी जोखीम फ्रिजची आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

शून्य व्याज असं काही नसतं. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना हे बजावलं होतं. कर्ज देणाऱ्या कंपनीला तिचं व्याज कुठून तरी मिळतंच. एक तर रोखीनं घेणाऱ्याला मिळणारी सूट तुमच्याकडून काढून घेतलेली असते, नाहीतर ते फाईल चार्जमध्ये बसवलेलं असतं. बहुधा दोन्ही. दुकानात जा आणि एवढंच विचारा, "आज रोख दिले तर कितीला द्याल?" समजा तो २६,००० म्हणाला. हप्त्यांनी तुमचे २७,९९० आणि ७९९ मिळून २८,७८९ जातात, म्हणजे २,७८९ जादा. वर्षाला दहा-अकरा टक्के, असं वाटेल. पण तुम्ही दरमहा फेडत असता, सगळी रक्कम वर्षभर तुमच्याकडं नसतेच. नीट हिशेब केला तर व्याज २० टक्क्यांच्या आसपास जातं. बँकेतून सोन्यावर कर्ज काढलं तरी बहुधा एवढं पडत नाही.

"जीएसटी कमी झाला" ही पाटी फ्रिजच्या दुकानातही लागली असेल. ३२ इंचांहून मोठा टीव्ही आणि एसी यांचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्के झाला, ते खरं. फ्रिज मात्र जुलै २०१८ पासूनच १८ टक्क्यांत आहे. त्या पाटीचा फ्रिजशी संबंध नाही.

आणि मिस्टरांची घाई. त्यांना वाटतं हा भाव गेला की गेला. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, पगार आटला की माणसाला मिळतंय ते धरून ठेवावंसं वाटतं. पण फ्रिजला खरं गिऱ्हाईक मार्चपासून येतं. डिसेंबर-जानेवारीत दुकानात फ्रिज पडून असतात, नवीन मॉडेल यायच्या बेतात असतात, आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पाट्या पुन्हा लागतात. थंडीत तुमचं अडत नाही, दुकानदाराचं अडतं. त्याच वेळी जा.

तोवर जुन्याकडं बघू. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघून आला तर दाराचं रबर गेलंय. ते बदलून मिळतं आणि नव्या फ्रिजच्या मानानं खर्च अगदी थोडा. खणाखाली पाणी साठतं ते बहुधा मागचं पाणी जायचं भोक बुजल्यामुळं. फ्रिज बंद करून, बर्फ वितळू देऊन, कोमट पाण्यानं आणि मऊ प्लास्टिकच्या नळीनं ते मोकळं करता येतं. मेकॅनिकला बोलावलंत तर आधीच विचारा, कॉम्प्रेसर ठीक आहे का? कॉम्प्रेसर गेला असेल तर बारा वर्षांच्या फ्रिजवर पैसे घालू नका. ठीक असेल तर हिवाळा निघेल, कदाचित उन्हाळाही.

नवीन घ्यायची वेळ येईल तेव्हा दारावरचं ताऱ्यांचं लेबल जवळून वाचा. तारे मोठे दिसतात, पण कामाचे आकडे बारीक असतात, एक वर्षाला किती युनिट आणि दुसरा लेबल कोणत्या काळाचं. निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळं जुन्या लेबलवरचे तीन तारे आणि नव्या लेबलवरचे तीन तारे सारखे नसतात. युनिटमधला फरक तुमच्या वीजबिलावरच्या दरानं गुणा आणि दहा वर्षांचा हिशेब करा. कधी कधी हजार रुपये महाग फ्रिज शेवटी स्वस्त पडतो. खोक्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, तेही बघा. फ्रिज वर्षभर गोदामात पडला असेल तर भाव करायला तो धडधडीत मुद्दा आहे.

हप्त्याची एक कसोटी सांगते. बारा हप्ते म्हणजे महिन्याला साधारण २,३०० रुपये. हे २,३०० या महिन्यापासून बाजूला काढायला लागा, पोस्टात टाका किंवा बँकेत. निघत असतील तर जानेवारीअखेर तीन महिन्यांचे ६,९०० होतील. निघत नसतील, तर हप्ताही निघाला नसता आणि प्रत्येक चुकलेल्या हप्त्याला दंड बसला असता.

आता तुमचे १८,०००. सगळ्यात आधी किराणावाल्यांचे ४,००० देऊन टाका. ओव्हरटाईम बंद झाल्यापासून ज्यांनी तुमच्या घरात तेल-तांदूळ कमी पडू दिलं नाही, त्यांनी फाईल चार्ज घेतला नाही की सही घेतली नाही. त्यांनाही गणपती पेठेतल्या ठोक व्यापाऱ्याला पैसे द्यायचे असतात, आणि मंदी त्यांच्याही गल्ल्यात आहे. कारखाना आणखी चार महिने असाच चालला तर तुम्हाला पुन्हा त्यांच्याच दारात जावं लागेल. ओळखीच्या दुकानाबद्दल सासूबाई म्हणतात त्यातलं हे मला पूर्ण पटतं. मोठ्या दुकानात सेलचा डबा दहा रुपयांनी स्वस्त मिळाला म्हणून महिन्याचं वाणसामान तिकडं हलवू नका. फरक फार वाटत असेल तर त्यांनाच मोकळेपणानं विचारा, "तिकडं एवढ्याला आहे, तुम्हाला परवडेल का?" बरेचदा ते देतात.

धाकटीच्या ड्रेसला हजार, साडीला दोन हजार. थोरली भावंडं असतील तर त्यांनाही काहीतरी घ्या, भले लहानसं असो. उरतील दहा-अकरा हजार, त्यांना हात लावू नका. त्यात ते ६,९०० मिळवले तर जानेवारीअखेर साधारण १७-१८ हजार होतात. एका दाराचा चांगला फ्रिज एवढ्यात रोखीनं येतो. चौघा-पाचांच्या घराला दोन दारांचाच हवा असं नाही. कारखान्यातलं काम तोवर आणखी घटलं तर फ्रिज राहू द्या, ही रक्कम तुमचे दोन-तीन महिने काढेल. बचत म्हणजे न झालेली खरेदी असं मनाला लावून घेऊ नका, या वर्षी तुमच्या घरात सगळ्यात जास्त गरज तिचीच आहे.

पणत्या, रांगोळी, कापडी आकाशकंदील आता निम्म्यात मिळतात, पुढच्या वर्षासाठी शे-दोनशेचे घेऊन ठेवायला हरकत नाही. लायटिंगच्या माळा नकोत, वर्षानं लागतीलच असं नाही. उटणं-साबण-तेलाचे दिवाळी पॅक चांगले पडतात, पण मुदत बघा आणि पाकिटावर ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती पडतात ते छापलेलं असतं, तोच आकडा दुसऱ्या पाकिटाशी ताडून बघा. दहाच्या पुड्यातला माल कमी होत जातो आणि किंमत दहाच राहते, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. सुक्यामेव्याच्या भेटपेट्या घेऊ नका, पैसे खोक्याचे जातात. तासगावचा बेदाणा आपल्या दारात आहे, तो सुटाच घ्या. आणि "५० टक्के, वर आणखी २०" असं लिहिलं असेल तर ती सूट ६० टक्के होते, ७० होत नाही. दोनावर एक फुकट म्हणजे ३३ टक्के, तेही तिन्ही लागणार असतील तरच.

छापील किमतीवर चिकटपट्टी दिसली तर ती वर करून बघा. किंमत कमी केल्याची पट्टी लावता येते, पण मूळ छापील आकडा झाकता येत नाही. वाढवल्याची पट्टी तर चालतच नाही. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, वर जीएसटी मागितला तर देऊ नका.

सेलच्या पावतीवर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का असतो. साईज बसला नाही किंवा रंग नंतर आवडला नाही तर दुकानदारावर बंधन नाही, ते आधीच बोलून घ्या. पण माल सदोष निघाला तर त्या शिक्क्याला अर्थ नाही. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत तो परत घ्यावाच लागतो, सेलमधला असला तरी. नकार दिला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन करा. मराठीत बोलता येतं. तिथंही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं शुल्क नाही आणि दोन वर्षांत तक्रार करता येते.

यासाठी बिल हवं. "बिल नको असेल तर आणखी कमी करतो" म्हणणाऱ्याला नाही म्हणा. आणि दुकानाबाहेर पडायच्या आधी बिलाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, हल्लीच्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात.